वारा सरला का?

ऐन उन्हाळ्यात संपादकांचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर पापड उलटे करत होते. "मॅडम, आता तुम्ही निवृत्त. वेळच वेळ. दिवाळी अंकासाठी तुमच्या हातून झालेली सर्वांत अवघड शस्त्रक्रिया लिहा." मी म्हटलं, अहो, अवघड शस्त्रक्रियेत लिहिण्यासारखं असतं काय? चार माणसं दिव्याखाली माना घालून उभी. कुणी बोलत नाही. पाठ दुखते, नाक खाजतं आणि खाजवता येत नाही. संपलं की सगळे चहा पितात. झाली गोष्ट!

खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते. पेशंट शुद्धीवर येतो, नातेवाईक पाया पडतात, "देवासारख्या धावून आलात" म्हणतात, आणि निवांत जेवायला जातात. सर्जन मात्र त्या दिवसापासून जेवतानाही फोनकडे बघत जेवतो. कापणं कुणालाही शिकवता येतं. कापल्यावर चार-पाच दिवस वाट बघणं, हा खरा धंदा. संपादकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग वाट बघण्यावर लिहा." म्हणून लिहितेय. नाजूक मनाच्या वाचकांनी हा लेख जेवणानंतर वाचावा, कारण पुढे पोटातल्या वाऱ्याचा विषय आहे.

माझी हयात परभणीत लोकांच्या गाठी काढण्यात गेली. पुण्याचे वर्गमित्र विचारायचे, "तिकडे काय करतेस?" मी म्हणायची, जगात जर्मनी, भारतात परभणी, तुम्हाला काय कळणार! पण खरं सांगायचं तर गाठींच्या बाबतीत आमच्याकडची माणसं म्हणजे कमालच. पिंगळीचे एक काका पाठीवर नारळाएवढी चरबीची गाठ घेऊन आले. किती वर्षं आहे म्हटलं तर म्हणाले, "थोरल्याच्या जन्माच्या आदीपास्नं." मग आत्ताच का काढायची? "पोरीचं लगीन ठरलंय. फोटोत दिसंल." गाठ काढली तर म्हणाले, "इतकी वर्सं पोसली, जरा बगू तरी द्या." मी ट्रेमध्ये दाखवली. त्यांनी तिला चक्क नमस्कार केला. मला हसू आवरेना, पण मास्कमागे सगळं खपतं.

असल्या गाठी निरुपद्रवी. माणूस घाबरतो त्या या गाठींना, कारण दिसतात. आणि ज्यांना घाबरायला पाहिजे त्या पोटात मुकाट बसलेल्या असतात. दुखत नाहीत, दिसत नाहीत. नुसता थकवा येतो, वजन उतरतं, रक्त कमी होतं, आणि घरातले म्हणतात, वयच झालंय. अशा गाठी घेऊन लोक इतक्या उशिरा यायचे की काही वेळा पोट उघडून तसंच मिटवावं लागायचं. ती खंत माझ्यासोबत राहील. पण हा अंक दिवाळीचा आहे, तेव्हा आज वेळेवर आलेल्या बाईंची गोष्ट सांगते.

त्याआधी थोडं शास्त्र. आतड्यातली गाठ काढायची म्हणजे आतड्याचा तेवढा तुकडा कापायचा आणि दोन टोकं एकमेकांना जोडायची. सोपं वाटतं. पण आतडं फार मानी. त्याला हात लावला की ते रुसतं. दोन-चार दिवस हलत नाही, डुलत नाही. मग एक दिवस त्याचा राग जातो, ते चालायला लागतं, आणि त्याची पहिली खबर म्हणजे वारा सरतो. पुस्तकात याला फार सभ्य शब्द आहे, सिस्टर लोक 'गॅस' म्हणतात, आणि गावाकडे जो शब्द आहे तो संपादक छापणार नाहीत. वारा सरला म्हणजे आतडं जागं झालं, जोड धरला, आता पाणी द्या, चहा द्या. वारा सरला नाही, त्यात ताप आला, नाडी धावायला लागली, म्हणजे जोड फुटला असण्याची शंका. जोड फुटला तर आतली घाण पोटात पसरते, आणि मग परत पोट उघडण्याशिवाय इलाज नाही. उशीर केला तर माणूस हातातून जातो. आमचे सर म्हणायचे, "पोट उघडून पश्चात्ताप झाला तर चालेल. न उघडता नको."

म्हणून मी रोज सकाळ-संध्याकाळ एकच प्रश्न विचारत फिरायची. वारा सरला का? तहसीलदार असो, कीर्तनकार असो, शेतमजूर असो, सगळ्यांना तोच प्रश्न. आमच्या दवाखान्यात त्यावरून एक रीतच पडली होती. कुणाचा वारा सरला की लता सिस्टर दारात उभी राहून खणखणीत आवाजात पुकारायची, "तीन नंबर, सरला!" मी ओपीडीतून ओरडायची, "पाणी सुरू करा!" की बाकावरचे सगळे नातेवाईक, ओळख ना पाळख, "व्वा, व्वा" म्हणायचे. नातेवाइकांपैकी कुणीतरी मोंढ्याच्या बाजाराकडे पळायचा आणि पेढे आणायचा. मुलगा झाला तरी इतका आनंद होत नसेल. मला ही रीत फार आवडायची. दवाखान्यात हसायला मिळतं ते असं.

तर प्रयागबाई. झरीच्या. सत्तरीच्या आतबाहेर, काटक बांधा, कपाळावर बंद्या रुपयाएवढं कुंकू. पांढऱ्याफटक पडल्या होत्या. पोटाच्या उजव्या बाजूला, मोठ्या आतड्याच्या सुरुवातीलाच गाठ. तिच्यातून थेंब थेंब रक्त जाऊन बाई वाळत चालल्या होत्या. त्यांना आमच्याकडे आणलं ते जावयाने. माणिकराव, पालमचे, एसटीत कंडक्टर. प्रयागबाईंना मुलगा नाही. एकच लेक, अनिता, आणि नेमका तिचा पाय मोडून प्लास्टरमध्ये. तेव्हा सगळं माणिकरावांवर आलं. त्यांनी रजा टाकली आणि सासूला घेऊन मुक्कामालाच आले.

आता हा माणूस म्हणजे गच्च भरलेल्या गाडीत "चला, मागं व्हा, अजून दहा जन बसत्यात" म्हणणारा. आवाज असा, की चहाच्या टपरीवर बोलले तर माझ्या ओपीडीत ऐकू यायचं. पण सासूच्या खोलीत पाऊल टाकलं की आवाज बंद. दाराजवळच्या स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसायचे. आणि प्रयागबाईंचा पदर कपाळावरून खाली, थेट हनुवटीपर्यंत. वीस-एक वर्षं झाली होती लग्नाला. ही दोघं एकमेकांशी थेट एक शब्दही बोललेली नव्हती! आमच्याकडे जुन्या घरांतून सासू जावयाच्या वाऱ्याला उभी राहत नाही, हे मला ठाऊक होतं. पण इथे खोलीत दोघंच. मग बोलणार कसं? तर भिंतीशी बोलून.

"पाव्हन्यानी जेवून घ्यावं म्हनलं," असं प्रयागबाई सलाईनच्या बाटलीला सांगायच्या.

"जेवलोय म्हनावं," माणिकराव खिडकीला सांगायचे.

"पंखा कमी करा म्हनलं कुनीतरी."

मग तो 'कुनीतरी' उठून पंखा कमी करायचा. पहिल्या दिवशी मी दोघांच्या मध्ये उभी होते, तर मला वाटलं माझ्याशीच बोलतायत. मी आपली दोन्हीकडे "हो, हो" करत राहिले. लता सिस्टर तोंडात पदर कोंबून बाहेर पळाली.

शिवाय माणिकरावांनी हट्टाने स्वतंत्र खोली घेतली होती. "मॅडम, जनरलमदी मामींला लाज वाटंल. लय सोवळ्या मनाच्या हायत्या." मामी म्हणजे सासूबाई. मला त्या माणसाचं फार कौतुक वाटलं. पुढे काय होणार होतं याची कल्पना असती तर मी त्यांना हाताला धरून जनरल वॉर्डात नेलं असतं.

रक्त चढवलं, अशक्तपणा भरून काढला, आणि ऑपरेशन केलं. गाठ लिंबापेक्षा थोडी मोठी, पण आजूबाजूला कुठे चिकटलेली नाही. लिव्हर स्वच्छ. आमचे भूलतज्ज्ञ कुरेशी डॉक्टर, मूळचे इथलेच, पडद्यापलीकडून म्हणाले, "मॅडम, आज आप का हात बहोत खुश दिखरा." खरंच होता. जोड तर असा सुरेख बसला की मिटवताना जिवावर आलं. बाहेर येऊन माणिकरावांना सांगितलं, "गाठ पूर्ण निघाली." त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तिथेच भिंतीला टेकून उभे राहिले.

मग सुरू झालं वाट बघणं. पहिला दिवस, दुसरा दिवस, ठीक. लता सिस्टर विचारायची, "आजी, वारा सरला का?" पदर डावीकडे-उजवीकडे हलायचा. मी तपासायला गेले की माणिकराव अदबीने बाहेर जायचे. पण बाहेर म्हणजे किती? दाराबाहेर पाऊलभर. आमच्या खोल्यांची दारं प्लायवूडची आणि खालून वीतभर उघडी. मी पोट तपासतेय आणि दाराखाली माणिकरावांच्या चपला दिसतायत, असा सगळा प्रकार. मी विचारायची, "आजी, सरला का?" पदर एकदा दाराकडे वळायचा, मग नकारार्थी हलायचा.

चौथ्या दिवशी ताप आला. नाडी धावायला लागली. पोट तसं मऊ होतं, नाकातून पोटात घातलेल्या नळीतून येणारं हिरवं पाणीही कमी झालेलं. पण म्हाताऱ्या माणसांचं पोट लबाड असतं. आत वणवा पेटलेला असतो आणि वरून हात लावावा तर लोणी. मी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. सीटी स्कॅन केला. जोडाशेजारी थोडं पाणी दिसत होतं. रेडिओलॉजिस्ट म्हणाले, "फुटला असूही शकेल, नसूही शकेल." एवढं तर मला काढ्याची बाटली विकणारा वैदूही सांगेल! मी फोन जरा जोरातच ठेवला.

दुसऱ्या दिवशी कुरेशी छातीचा एक्स-रे घेऊन आले. डाव्या फुप्फुसाच्या तळाशी धुरकट पट्टा होता. "मॅडम, बुखार यहाँ से भी आ सकता. पेट को अब्बी हात नक्को लगाव."

"आणि वारा?" मी म्हटलं. "आज पाचवा दिवस. छातीमुळे वारा अडतो का?"

वारा सरला असता तर प्रश्नच नव्हता. छातीवर उपचार केले असते, पाणी सुरू केलं असतं. सगळा निकाल त्या एका वाऱ्यावर अडला होता. परत पोट उघडायचं म्हणजे सत्तरीची बाई, धावती नाडी, खराब छाती, परत भूल. टेबलावर काहीही होऊ शकतं. आणि नाही उघडलं आणि जोड खरोखर फुटलेला असला, तर दोन दिवसांत ती जाते. मला भीती वाटत होती. इतकी वर्षं झाली तरी ती भीती सरावाची होत नाही. संध्याकाळपर्यंत थांबायचीही माझी तयारी नव्हती. मी थिएटर तयार ठेवायला सांगितलं आणि खोलीत गेले.

यावेळी मी माणिकरावांना बाहेर जाऊ दिलं नाही. दोघांच्या समोर सांगितलं, "आजी, नीट ऐका. आत जोड सुटला असावा अशी शंका आहे. आतडं चालत नाही, वारा सरत नाही, ताप आहे. परत पोट उघडून बघावं लागेल. यात धोका आहे. मोठा धोका आहे."

माणिकरावांचा चेहरा उतरला. पदराआडून बारीक आवाज आला, "कापा म्हनावं. ऱ्हायलंय काय आता. पाव्हन्यास्नी म्हनावं सही करा."

बाई मरायला तयार होत्या! मी संमतीचा कागद पुढे केला. माणिकरावांनी पेन घेतलं. रोज शेकडो तिकिटं फाडणारा हात, पण कागदावर टेकेना. त्यांच्या कपाळावर घाम जमला. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा खिडकीकडे. पेन खाली ठेवलं. परत उचललं. परत ठेवलं.

"मॅडम, ह्ये... तुमी रोज इच्यारायलाव ना..."

"काय?"

"त्येच की. वाऱ्याचं."

"त्याचं काय?"

"सरलाय."

मला काही कळेना. "कुणाचा?"

माणिकरावांनी डोळे गच्च मिटले. "मामींचा."

कुरेशी दारात उभे होते, त्यांनी हळूच एक्स-रे तोंडासमोर धरला. मी विचारलं, "तुम्हाला कसं माहीत?"

"म्या खोलीतच व्हतो की, मॅडम."

"कधी सरला?"

"परवाच्याला, सकाळी. मंग काल बी दोन-तीनदा. आन् आत्ता तुमी यायच्या जरा आदी बी... चांगला मोट्यानं." एवढं बोलून तो गडी दाराबाहेर पळाला. एक चप्पल आतच राहिली.

मी प्रयागबाईंकडे वळले. पदर आता हनुवटीच्याही खाली ओढलेला, आणि आत गदागदा हलत होतं काहीतरी. मी म्हटलं, "आजी, खरंय का हे?"

"धरनी मायनं पोटात घ्यावं आता," आतून आवाज आला.

"अहो, खरंय का?"

"व्हय."

"मग मला नाही का म्हणालात? मी पोट फाडायला निघाले होते तुमचं!"

"फाडायचं तर फाडा, बाई! जावयाम्होरं कसं सांगू? आन् तुमची ती सिस्टर? म्या आले त्या दिशी त्या बाजूच्या पाटलाचा सरला तर सगळ्या दवाखान्यात हाळी दिली तिनं. लोकं व्वा व्वा करायले, पेढं वाटायले! माज्या नावानं जावई पेढं आननार? झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हनलं. मरन आलं तर येऊ दे."

मी कपाळाला हात लावला. लता सिस्टर दारात होती, तिचं तोंड उघडं ते उघडंच. आमची ती लाडकी रीत बाईंनी दाखल झाल्याच्या पहिल्याच दिवशी ऐकली होती, आणि त्याच क्षणी मनाशी ठरवून टाकलं होतं की काही झालं तरी आपल्या नावाने ही दवंडी पिटू द्यायची नाही. आणि बिचारे माणिकराव. त्यांनी सगळं ऐकलेलं. पण सासूच्या तोंडून 'नाही' निघाल्यावर जावयाने 'हो' कसं म्हणायचं? ती आपली अब्रू झाकत होती, हा तिची झाकलेली अब्रू झाकत होता, आणि मी मधल्या मधे सुरी परजत होते.

तेवढ्यात कुरेशींनी टेबलावरचं ते प्लॅस्टिकचं यंत्र उचललं. तीन नळकांडी, तीन रंगीत गोळे. ऑपरेशननंतर नळी तोंडात धरून श्वास जोरात आत ओढायचा, गोळे वर चढले पाहिजेत, म्हणजे फुप्फुसं उघडी राहतात. आम्ही रोज विचारायचो आणि प्रयागबाई रोज "केलं, केलं" म्हणायच्या. पदराआड, अर्थात.

"अम्मा, ये सच्ची में किए क्या?"

"त्ये खेळनं? तोंड उगडं टाकून, गाल बसवून, जावयाम्होरं? शोबतंय का मला?"

कुरेशींनी माझ्याकडे बघितलं. ताप कुठून आला, ते कळलं. छाती भरली होती ती लाजेने. खोकलासुद्धा बाईंनी दाबून धरला होता चार दिवस, जावई दचकेल म्हणून! मला राग आला, हसू आलं, आणि रडूही यायला लागलं. मी खुर्चीत बसले आणि हसत सुटले. कुरेशी हसायला लागले, लता हसायला लागली. शेवटी पदराआडून खुसखुस ऐकू आली, आणि लगेच, "आई गं, टाकं दुकायलेत, हसवू नका ओ!"

जोड शाबूत होता. सीटीत दिसलेलं पाणी ऑपरेशननंतर थोडंफार राहतं तसलंच होतं. मी थिएटर बंद करायला सांगितलं, नाकातली नळी स्वतःच्या हाताने काढली आणि पाणी सुरू केलं. लता सिस्टरला बजावलं की या खोलीबद्दल बाहेर एक अक्षर पुकारायचं नाही. छातीसाठी औषधं बदलली. पदर वर करून, दार लावून, बाईंकडून ते गोळे चढवून घेतले. पहिल्यांदा एकच गोळा थरथरला. मग दोन. पुढच्या तीन-चार दिवसांत ताप उतरला, नाडी जागेवर आली. नंतर तपासणीचा अहवाल आला, तोही मनासारखा. गाठ तिच्या जागेपुरतीच होती, पुढे कुठे पसरली नव्हती. प्रयागबाई आजही झरीत आहेत आणि सकाळी शेताच्या बांधापर्यंत पायी जाऊन येतात, असं अनिता फोनवर सांगते. मी ती रीतही बदलली. त्यानंतर आमच्याकडे ही बातमी कानात सांगायची पद्धत सुरू झाली. पेढे मात्र चालू ठेवले. ते बंद करण्याएवढी मी कोरडी नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्याच दुपारचं. पोट वाचलं, माणूस वाचला, आणि एक भानगड उरलीच होती. माणिकराव खोलीत यायला तयार नव्हते. कॉरिडॉरच्या टोकाच्या बाकावर एका पायात चप्पल घालून बसले होते. मी गेले, तर उठून उभे राहिले.

"मॅडम, आता मामींला तोंड कसं दाखवू? इतक्या वर्सांत त्येंच्यापुढं मोट्यानं श्वास घेतला न्हाई म्या. आन् आज चार लोकांत असलं बोललो. आनिताला सांगतो फोन करून, दुसरं कुनीतरी धाडून दे. म्या भायेर बसतो, औषदं आनून देतो. आत न्हाई येनार."

"अहो, तुम्ही बोललात म्हणून त्या वाचल्या."

"वाचल्या, त्ये बरं झालं. पर अब्रू घालिवली की म्या त्येंची."

मी समजावून दमले. तिकडे खोलीत प्रयागबाईंसाठी पहिला चहा आला होता, पातळ, बशीत ओतलेला. पाच दिवसांच्या उपाशी बाई, पण बशीला हात लावेनात. लताने विचारलं तर म्हणाल्या, "पाव्हने कुटं हायत म्हनावं?" लता म्हणाली, "बाहेर बसलेत, आत येत नाहीत. लाजलेत." मग प्रयागबाई म्हणाल्या, "मला उटवा."

आता हीच बाई, जिला दोन दिवस आम्ही "चाला, चाला, थोडं चाला" म्हणून विनवत होतो आणि जी जावयासमोर गाऊनमध्ये चालणं कसं दिसेल म्हणून गादी सोडत नव्हती. लताने आणि मी दोन्हीकडून धरलं. एका हातात सलाईनचा स्टँड, दुसऱ्या हाताने पोट दाबून धरलेलं. पाऊल टाकतायत, थांबतायत, परत टाकतायत. खोलीबाहेर आलो. कॉरिडॉरमधले लोक बघायला लागले. मी म्हटलं, "आजी, बस, इथूनच हाक मारा." तर मान हलवली आणि पुढे निघाल्या. चालताना गाऊनवर पांघरलेलं लुगडं डोक्यावरून घसरलं, खांद्यावर आलं, आणि त्यांनी ते सावरलं नाही.

बाकापाशी जाऊन उभ्या राहिल्या. माणिकराव धडपडून उठले, सवयीने भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं, आता लताला किंवा भिंतीला काहीतरी सांगतील.

प्रयागबाईंनी त्यांच्या दंडाला धरलं आणि स्वतःकडे वळवलं. उघड्या तोंडाने, सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून, जोरात म्हणाल्या, "आरं माणिक, ऐकलं व्हतंस तर परवाच बोंबलायचं न्हाई का रे मुडद्या? उपाशी मारलंस की मला!"

माणिकरावांनी पहिल्यांदाच सासूच्या तोंडाकडे बघितलं. मग त्यांचा तो एसटीतला आवाज परत आला. "चुकलो, आई," म्हणाले ते, आणि सगळा दवाखाना दणाणला.